तपासणीची तारीख

बाबा, आज आईच्या पत्र्याच्या पेटीत तुमची दवाखान्याची फाइल सापडली. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तिने ती जुन्या साडीत गुंडाळून जपली आहे.

तुमच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती. पोट न फाडता जांघेतून आत नळी बसवली आणि चार दिवसांत तुम्ही शहापूरला घरी. सगळा गाव बघायला आला. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला येतात ते टाके बघायलाच, आणि तुमचे टाके जांघेत, दाखवणार काय कपाळ! "मंग आपरेशन झालंच नाय म्हन की," असं म्हणून शेजारचे काका तुम्हाला भाताच्या गोणी उचलायला बोलावून गेले. मी त्यांच्यावर चिडले, तुम्ही हसत होतात.

डॉक्टरांनी बजावलं होतं की नळीच्या बाजूने रक्त झिरपलं तर फुगवटा पुन्हा वाढतो, दुखत नाही, कळत नाही, म्हणून दर वर्षी स्कॅन करायचा. मी समजावायला बसले, तर तुम्हीच मला समजावलंत. "म्हंजे खेकड्यानं बांध पोखरलाय का, त्ये बघायचं. फुटल्यावर बघून काय फायदा गो?" पहिल्या वर्षी तुम्ही धुतलेलं धोतर नेसून माझ्याआधी तयार होतात.

दुसऱ्या वर्षीची तारीख म्हसाच्या जत्रेत आली. माझं सासर मुरबाडचं, म्हणून जत्रेला तुम्ही माझ्याकडे उतरायचात. दिवसभर बैल बघत हिंडायचात आणि संध्याकाळी माझ्या अंगणात बसून, म्हाताऱ्या बैलाला कोण कसं फसलं ते सांगायचात. त्या वर्षीही आलात. घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी पाठ दुखायला लागली. टेम्पोत अवघडली असेल, असं सगळेच म्हणालो. दुपारी ओटीवर तुम्ही पाणी मागितलंत, आईने तांब्या आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

आता कुणाचं असं ऑपरेशन झालं की मी टाके बघत नाही, पुढची तारीख विचारते. लोक खुळी म्हणतात, म्हणू देत. आई अजून दवाखान्याला शिव्या घालते, "त्यांनीच तारीख पुढं ढकलली, नायतर मानूस वाचला असता." मी खाली मान घालून भाकरी थापते.

त्यांनी ढकलली नव्हती, बाबा. तुम्ही फोनवर विचारलंत, "जत्रंचं राहू दे, तारीख हाय ना गो?" मला तुम्ही जत्रेला माझ्या घरी हवे होतात. मीच दवाखान्यात फोन करून पुढच्या महिन्याची तारीख घेतली, आणि तुम्हाला सांगितलं की त्यांनीच बदलली.

हा कागद तुमच्या फाइलीत ठेवणार होते. नाही ठेवत. आईला वाचता येतं.