आबा शेळगावला निघाले

कऱ्हाटी, ता. बारामती
१९ नोव्हेंबर

सुकन्याताईस,

राजवर्धनचा नमस्कार. तू आणि भावजी सुखरूप असाल असं धरून चालतो. इकडं पाऊस बरा झाला, विहिरीला पाणी आहे. कांदा लावलाय. आईचा गुडघा थंडीनं धरतो, बाकी ती ठीक. तुझा नंबर आमच्याकडं नाही, म्हणून हे पत्र शेळगावच्या सिंधुबाईंच्या हाती देतोय. त्या भाजी घेऊन बारामतीच्या मंडईत येतात, तुझं घर त्यांना माहीत आहे.

आबांची वडापची, गावोगाव भाडी मारायची जीप तुला आठवत असेल. गेल्या उन्हाळ्यात तिचं इंजिन जाम झालं. पूर्ण खोलून बांधायला लागणार होतं आणि तेवढे पैसे हातात नव्हते. साठेपर्यंत गाडी विहिरीजवळच्या लिंबाखाली उभी केली, वर ताडपत्री बांधली. उघड्यावरच ती. एक पावसाळा गेला, टायर बसले, दाराच्या कडा गंजल्या. आबा रोज दुपारी तिकडं जायचे. काचा पुसत असतील, दोऱ्या आवळत असतील, असं मी समजून चाललो.

परवा पैसे जमले. बारामतीहून झुंबर मिस्त्रींना घेऊन आलो. ताडपत्री ओढली तर आबा आत बसलेले. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, दोन्ही हात स्टेअरिंगवर. घामानं सदरा पाठीला चिकटला होता.

"आबा, उतरा. इंजिन काढायचंय," मी म्हणालो.

"पाव्हणं, आज भाडं न्हाय," आबा म्हणाले. "मला शेळगावला जायचंय."

मिस्त्री हसले. मला वाटलं आबा चेष्टा करतायत, म्हणून मीही हसलो. "शेळगावला काय काढलंय?"

"लेकीला आणायचंय. सुकन्याला. ही गाडीच चालू व्हत न्हाय."

ताई, तू आबांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलीस त्यानंतर या घरात तुझं नाव निघालं नव्हतं. आबांनीच ते बंद केलं होतं. आईनं एकदा दिवाळीत विषय काढला तर ते ताटावरून उठले होते. त्याच माणसाच्या तोंडून तुझं नाव इतकं सहज आलं.

मी म्हणालो, "आबा, मी राजवर्धन."

"राजवर्धन शाळंत गेलाय," ते म्हणाले. "तुमी कुठलं?"

हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. पण हे सोडून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला कुठलं म्हणून विचारताना ते चिडले नव्हते की गोंधळले नव्हते. अनोळखी माणसाशी बोलावं तसं नीट, मानानं बोलले.

मिस्त्री मागं सरकले. मी पलीकडचं दार उघडून आबांच्या शेजारी बसलो. दुसरं काय करायचं ते कळलं नाही. ते स्टेअरिंग फिरवत गावं सांगत होते. भवानीनगर गेलं, लासुर्णं गेलं, अंथुर्णं आलं. मग थांबले आणि म्हणाले, "आलं शेळगाव. उतरा, तिला हाक मारा. मला बघून ती बाहेर यायची न्हाय."

मी उतरलो. विहिरीकडं तोंड करून उभा राहिलो. हाक काही मारता आली नाही. परत येऊन सांगितलं, "घराला कुलूप हाय." आबांनी मान हलवली. "उद्या येऊ," म्हणाले.

घरी येऊन आईला सांगितलं. तिला आधीच माहीत होतं. पावसाळ्यापासून ती त्यांना तिथंच चहा नेऊन देत होती. "गाडी नीट झाली की माणूस पण नीट हुईल, असं वाटलं मला," म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. मी तिच्यावर ओरडलो नाही. ओरडायचं कुणावर.

काल बारामतीला डॉक्टरांना दाखवलं. हा आजार बरा होत नाही म्हणाले. आज जे आठवतंय ते पुढच्या महिन्यात आठवेलच असं नाही.

मिस्त्रींना मी परत पाठवलं. गाडी चालू झाली तर आबा खरंच हमरस्त्याला लागतील. ज्या इंजिनासाठी उन्हाळ्यापासून काटकसर केली, तेच आता दुरुस्त होऊ नये असं वाटतंय.

त्यांना माझ्या मोटरसायकलवर बसवून तुझ्या दारात आणावं, असं मनात आलं होतं. आई नको म्हणाली. तू दार लावून घेतलंस तर ते त्यांना सोसणार नाही, असं तिला वाटतं. तुझ्यावर काय गुदरलं ते मला माहीत आहे, म्हणून बळजबरी करत नाही. आबा भांडण विसरलेत. तू विसरावंस असं मी म्हणणार नाही. त्यांना जाब विचारायचा असेल तर तेवढ्यासाठी तरी ये, पण जाब द्यायला आता तो माणूस उरलेला नाही, हे मनाशी धरून ये.

दुपारी ते गाडीतच असतात. घरात यायचं नसेल तर विहिरीकडूनच ये, आई काही बोलणार नाही. त्यांना तुझं नाव आठवतंय तोवर ये.

तुझा भाऊ,
राजवर्धन