चरख्यावरचा लॅपटॉप

वडगाव, बेळगाव

प्रिय रवळूस ज्योतिबाचा रामराम.

आम्ही सगळे इकडे मजेत आहोत (सगळे म्हणजे मी आणि गाडी). तुझे गुडघे काय म्हणतात? मुलाच्या अकराव्या मजल्यावरून पुणे कसे दिसते तेही कळव, म्हणजे तुला तिथे किती दिवस करमेल याचा मला अंदाज येईल.

तू पुण्याला गेल्यावर आपली साड्या विकायची फेरी माझ्या एकट्याच्याने कशी होणार, असे तुला वाटत असेल. तसा गैरसमज ठेवू नकोस. आमच्या ऋतिकाने बेंगळुरूहून तिचा जुना लॅपटॉप पाठवला. गाडी कडेला थांबवायची आणि गिऱ्हाइकांना त्याच्यावरच साड्या दाखवायच्या, असे लेकीचे म्हणणे. पण मांडीवर घेतला तर तो तापतो आणि सीटवर ठेवला तर माझी मान मोडते. म्हणून माझ्याकडेही वळेल आणि साड्यांकडेही वळेल असा स्टँड घरीच करायचे ठरवले. माळ्यावर सुताच्या कांड्या भरायचा जुना चरखा होता. त्याचा आस काढला, लोखंडी पट्टीने तुझ्या सीटपुढे आवळला आणि वर पोळपाट बसवला (ऋतिकाची आई गेल्यापासून तो रिकामाच होता, माझ्या पोळ्या खानावळीतून येतात).

इथवर ठीक होते. पण आपण पडलो विणकर! फिरणारी वस्तू दिसली की तेल घातल्याशिवाय हात राहत नाही. मी चांगले सढळ हाताने घातले. तवंदी घाटात पहिल्याच वळणावर लॅपटॉप गर्रकन फिरला तो तुझ्या सीटकडे तोंड करून बसला. पुढच्या वळणावर माझ्या अंगावर आला (तूही झोपेत असाच कलंडायचास). घाट उतरून गाडी कडेला घेतली आणि निपाणीच्या राजाबाईंना व्हिडिओवर घेतले. गाडी जराशी कलती होती, त्यामुळे लॅपटॉप पुन्हा तुझ्या सीटकडेच वळला. तिथे साड्यांचा गठ्ठा बसलेला, वर हिरवी इरकल पांघरलेली, आणि गाडीने ओरडू नये म्हणून त्याला मी पट्टा लावलेला.

"अण्णा, शेजारी कोण पावण्या बसल्यात? लई गप हाईत की!"

"त्या कमीच बोलतात," मी म्हणालो.

"असूंदे, असूंदे. त्यास्नी बी च्याला घिऊन या," असे म्हणून बाईंनी गठ्ठ्याला नमस्कार केला.

मी पोट धरून हसलो. हसून झाल्यावर लक्षात आले की गाडीत दुसरे कोणीच हसत नाही, आणि रवळू, मला फार वाईट वाटले. निपाणीत पोचलो तर राजाबाईंनी खरोखरच दोन कप मांडून ठेवले होते. दोन्ही मीच प्यालो.

असो. लॅपटॉपमुळे तुझी आता काही गरज उरलेली नाही, एवढे कळवण्यासाठीच हे पत्र. सूनबाईंना आशीर्वाद सांग.

तुझा,
ज्योतिबा

ता. क. : लॅपटॉप ऋतिकाला परत पाठवला. स्टँड मात्र काढलेला नाही. तू विसरून गेलेला पानाचा डबा पोळपाटावर ठेवून पाहिला, बरोब्बर बसतो. वळणावर आपोआप तुझ्याकडे येईल.

आणखी एक : दिवाळीआधीच्या फेरीला येशील का? निपाणीपर्यंत नको असेल तर संकेश्वरपर्यंत तरी ये. डब्यातला चुना वाळू नये म्हणून मी रोज थेंबभर पाणी घालतो. मी पान खात नाही, हे तुला माहीत आहेच.