रुमालाखाली ठेवलेली गाडी

मी, चारुलता नवनीत पाटील, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती, राहणार सारंगखेडा, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला आजचा वार विचारला, मी वार सांगून वर पपईचा भावही सांगितला. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब आणू शकणारी माणसे एकतर हयात नाहीत, नाहीतर माझ्याआधी दमतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे निघालेच तर ते रद्द समजावे.

मला दोन अपत्ये. थोरला भाग्येश नंदुरबारला नोकरीला आहे, रोज जाऊन-येऊन करतो. धाकटी चेतना सासर सोडून आली ती इथेच राहिली आणि तापीकाठचे पपईचे शेत तीच बघते. दोघे एकाच घरात राहतात आणि गेल्या दिवाळीपासून एकमेकांशी बोलत नाहीत. जेवताना मीठ हवे असले तरी माझ्यामार्फत मागतात. मी गेल्यावर ते मीठ कोण पुढे सरकवणार, ही या कागदामागची खरी काळजी आहे.

१. घर. राहते घर दोघांना निम्मे निम्मे. मधे भिंत घालू नये. घालायची म्हटली तरी ती नेमकी चुलीच्या ओट्यावर येते, हे मी पाहून ठेवले आहे.

२. तापीकाठचे शेत. हे शेत माझ्या वडिलांनी मला दिले, माझ्याच नावावर आहे, आणि त्यावर सासरच्या कुणाचा कधी हक्क नव्हता. ते संपूर्ण चेतनाला देते. माहेरी आलेल्या मुलीची सोय म्हणून नव्हे, मालकीण म्हणून. सातबाऱ्यावर तिचे नाव लागावे. भाग्येशला हे टोचेल, कारण तो हे शेत विकायला निघाला होता. का, ते सांगायचे तर त्याच्या वडिलांपासून सुरुवात करावी लागेल. वकील म्हणाले, मृत्युपत्रात कारणे लिहू नका. कारणे लिहायची नसती तर नुसता नकाशा काढून दिला असता.

३. यजमानांची ठेव. माझे यजमान, कै. नवनीत दोधू पाटील, घोड्यांतले माणूस. आमच्या लग्नाआधी एकदा सारंगखेड्याच्या यात्रेत परगावचा एक शौकीन घोडी बघायला जर्मन गाडीतून आला. सौदा जमला, म्हणून खुशीत त्याने यजमानांना पुलापर्यंत फिरवून आणले. उतरल्यावर यजमानांनी दार लावले. त्या दाराचा जो आवाज झाला, तो ते जन्मभर सांगत राहिले. पुढे घरात कपाटाचे, फ्रिजचे, कशाचेही दार लागले की ते मान तिरकी करून ऐकायचे आणि हा तो आवाज नव्हे असे तोंड करायचे.

घ्यायची तर तीच गाडी, हे ठरून गेले. पण परदेशात बनून अख्खी येणाऱ्या गाडीवर सरकारचा कर एवढा, की एक गाडी आपल्यासाठी आणि जवळजवळ तेवढीच दुसरी सरकारसाठी घेतल्यासारखे व्हायचे. यजमानांची ऐपत एका गाडीची होती. तेव्हा ते कर उतरण्याची वाट पाहू लागले. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी रेडिओजवळ बसायचे, पुढे टीव्हीसमोर. तेवढा वेळ मी कुकर लावायचा नाही, शिट्टीत आकडा ऐकू येणार नाही म्हणून. आकडा कधी थोडा उतरे, कधी होता तिथेच राही. मग ते उठायचे आणि म्हणायचे, "पुढला साल देखू."

या काळात आम्ही बसलो जुन्या जीपमध्ये, आणि ती मोडल्यावर तिच्याहून जुन्या जीपमध्ये. शेजारीपाजारी मिळेल ते घेत गेले. एकेकाळी बाजारात दोन-तीनच गाड्या होत्या, तेव्हा सगळ्यांना त्या दोन-तीनच आवडायच्या. पुढे ठरावीक लांबीच्या आतल्या गाडीवर कर कमी केला, तर कंपन्यांनी गाड्यांची शेपटे छाटली, आणि आमच्याकडे लोक म्हणू लागले की आखूड गाडीच दिसायला बरी. मी याचा पुष्कळ विचार केला आहे. आपण म्हणतो, मला ही गाडी पसंत पडली. पण पसंतीला आपल्यापुढे काय काय ठेवायचे, ते आधीच दिल्लीत ठरलेले असते. साडीच्या दुकानातला माणूस आपला चेहरा बघून वरच्या फळीवरच्या साड्या काढतच नाही, तसेच हे. त्या कराचा मला राग नाही. माझा भाचा ललित पुण्याजवळ गाड्यांच्या कारखान्यात आहे, आणि बाहेरच्या गाड्या स्वस्त असत्या तर तो कारखाना उभा राहिला असता की नाही कोण जाणे. मला राग आहे तो वाट पाहण्याचा.

चेतना बारावीत असताना त्याच जर्मन कंपनीची गाडी सुरतेच्या दुकानात आली. सुटे भाग तिकडून आणून इथे आपल्याकडे जोडलेली. सुट्या भागांवर कर कमी, म्हणून किंमत आमच्या आवाक्यात. आम्ही चौघे गेलो. यजमान आत बसले, दार लावले, मान तिरकी केली, आणि मी त्यांच्या तोंडावरून ओळखले की आवाज तोच आहे. मला आत बोलावून त्यांनी ते दार पुन्हा लावून दाखवले. मग विकणाऱ्याने कौतुकाने सांगितले की ही इथेच जोडलेली आहे, म्हणून स्वस्त पडते. यजमान खाली उतरले. घोड्याच्या माणसाला वंश लागतो, जनावर कुठे जन्मले ते लागते. त्यांनी विचारले, "घोडं काय जोडीसन बनस का?" त्या बिचाऱ्याला काही उमगले नाही. आम्ही त्याच जीपमधून परत आलो.

ऐपत होती, गाडी समोर होती, आवाजही तोच होता. मला आजही त्याचे वाईट वाटते.

पुढे ते आजारी पडले आणि गाडीसाठी ठेवलेल्या ठेवीतले बरेच दवाखान्यात गेले. शेवटी घरी आणले तेव्हा भाड्याच्या गाडीचे दार मी लावले. त्यांची मान हलली नाही. तोवर मी रडले नव्हते, तेव्हा रडले.

आता भाग्येशचे. गेल्या दिवाळीत बाहेरच्या देशांशी करार होणार, गाड्यांवरचा कर उतरणार, अशा बातम्या येऊ लागल्या. फराळाला बसलो असताना तो म्हणाला, "आई, आते कर उतरी. आप्पासनी गाडी लेऊत." ठेव अपुरी पडते, म्हणून तापीकाठचे शेत विकू, असे त्याचे म्हणणे. चेतनाने हातातली करंजी खाली ठेवली आणि म्हणाली, "तू गाडीमा बसशी, मी कोठे बसू?" त्यानंतर ती दोघे बोललेली नाहीत.

यंदा युरोपाशी करार झाल्याचे आणि कर टप्प्याटप्प्याने उतरणार असल्याचे पेपरात आले. त्या दिवशी भाग्येश दारापुढच्या ओट्यावर उभा राहून मोबाइलवर बातमी ऐकत होता आणि त्याची मान तिरकी होती. मला त्या गाडीचे काही नाही. मला त्या मानेची भीती वाटते.

म्हणून उरलेली सगळी ठेव मी एकट्या भाग्येशला देते, एका अटीवर. माझ्या वर्षश्राद्धाच्या आत त्याने तिच्यातून गाडी घ्यावी. त्या दिवशी दुकानात असेल आणि ठेवीत बसेल ती. अख्खी आलेली, इथे जोडलेली, आखूड, लांब, मला सगळ्या सारख्या. कर उतरायची वाट बघत वर्ष गेले, तर ती रक्कम चेतनाच्या शेतात ठिबकसाठी जावी. भाग्येश, तुझ्या आप्पांना मला ज्या गाडीत बसवायचे होते तिच्यात मी कधी बसले नाही, आणि तिच्यापायी त्यांनी मला दुसऱ्याही नव्या गाडीत बसवले नाही. ते माझ्यावर माया करत नव्हते असे नाही. तू मात्र कुणाला असे थांबवून ठेवू नकोस.

४. घोड्यांचे सामान. यजमान गेल्यावर त्यांची शेवटची घोडी मी यात्रेत विकली. तिथे मोठा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि खाली बोटे दाबून भाव ठरतो. बघणाऱ्यांना दोन चेहरे दिसतात, भाव दिसत नाही. घेणारे होते करणसिंग रावल, यजमानांचे यात्रेतले जुने स्नेही. माझे दीर पितांबर म्हणाले, बाईमाणसाने परक्याच्या हातात हात देऊ नये, सौदा मी करतो. मी यजमानांचा रुमाल काढला आणि हात पुढे केला. करणसिंगभाऊंनी जरा वेळ जमिनीकडे पाहिले आणि माझा हात धरला. मी घोडी पडत्या भावात दिली असे भाग्येश अजून म्हणतो आणि भाव विचारतो. रुमालाखालचे तोंडाने सांगत नाहीत.

लगाम आणि घुंगुरमाळ भाग्येशला. खोगीर दीर पितांबर यांना. ते घोड्यावर बसत नाहीत, पण घोड्यांवर बोलतात फार, तेव्हा समोर टांगलेले असावे. जीपचे जे काही उरले आहे ते भंगारात द्यावे. पाटल्या चेतनाला.

५. पांढरी गाडी. घोडीच्या पैशांत मी एक आखूड, इथलीच, पांढरी गाडी घेतली. चेतनाने मला ती चालवायला शिकवली. मी सुरुवातीला गाडीशी बोलत बोलत चालवायची, तर ती म्हणायची, "माय, पहिले ब्रेकवर पाय ठेव, मंग बोल." या गाडीचे दार लावले की पत्र्याच्या डब्याचे झाकण लागल्यासारखा आवाज होतो. मला तो आवडतो, कारण ते दार मी माझ्या हाताने, चालवणाऱ्याच्या बाजूने लावलेले असते.

माझ्या अस्थी प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापीत सोडाव्यात आणि तिथवर याच गाडीतून न्याव्यात. चेतना चालवेल. भाग्येश कलश मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसेल. मागे कोणी बसू नये.

परत आल्यावर ही गाडी कोणाची, ते मी लिहीत नाही. वकील म्हणाले, बाई, हे राहून गेले. राहून गेलेले नाही. न लिहिलेली वस्तू कायद्याने दोघांची सारखीच होते, आणि गाडी काही मधून कापता येत नाही. तेव्हा ठरवायचे ते असे. यजमानांचा रुमाल मी करणसिंगभाऊंकडे देऊन ठेवला आहे. त्यांनी भाग्येश आणि चेतना यांना ओट्यावर समोरासमोर बसवावे, दोघांचे हात एकमेकांत द्यावेत आणि वर रुमाल टाकावा. तोंडाने काही बोलायचे नाही. नाहीतरी ती बोलत नाहीतच. गाडी हवी असेल त्याने बोटांनी मागावी, द्यायची असेल त्याने बोटांनी द्यावी. सौदा मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे, आणि तिसऱ्या दिवशीही. लहानपणी यात्रेच्या गर्दीत भाग्येशने चेतनाचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नव्हता, तिचा हात दुखायला लागला तरी.

गाडी कोणाला मिळाली ते मला नाही कळले तरी चालेल. हात किती वेळ धरला होता, तेवढे करणसिंगभाऊ मला येऊन सांगतील. ते माझ्याहून मोठे आहेत, फार उशीर करणार नाहीत. आणि माझ्याआधी जायचे नाही, असे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतले आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला आणि त्यांच्यादेखत सही केली. अंमलबजावणी करणसिंग रावल यांनी करावी.

लिहून ठेवणार: चारुलता नवनीत पाटील (सही)

साक्षीदार:
१. करणसिंग उदेसिंग रावल, राहणार सारंगखेडा (सही). रुमाल मिळाला.
२. रमिलाबाई गोविंद पाटील, राहणार रनाळे (सही)

ठिकाण: सारंगखेडा
तारीख: २० मार्च २०२६, गुढीपाडव्याचा दुसरा दिवस