अब्राहामाने मागे वळून पाहिले काय?

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
सोमवार, ता. १२ फेब्रुवारी १९५१

तीर्थरूप हरिचंद्रमामांना दिनानाथचा सप्रेम सलाम. प्रभुकृपेने मी जिवंत आहे. तुमचे गुडघे आणि मामींचा खोकला कसा आहे?

नव्या उपदेशकाला धीर देणारे तुमचे नऊ पानी पत्र आणि सोबत तुमचा अब्राहामावरचा तयार उपदेश, दोन्ही पावले. (तेवीस साली तो ऐकून सारी मंडळी रडली, असे तुम्ही लिहिता. आई म्हणते, तो दोन तास चालला होता.) काल अंबरनाथच्या चर्चमध्ये मंडळीपुढे माझी उपदेशाची परीक्षा होती. पास झालो तर पाळक, नापास झालो तर नगरच्या शाळेत मास्तर, तेही तुमच्या प्रेमळ देखरेखीखाली. तेव्हा मी तयारीत किती जीव ओतला असेल, हे तुम्हीच ओळखा.

उपदेश आठ दिवस मोठ्याने म्हणावा, आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला पाहिजे, ही तुमची पहिली आज्ञा. तुम्ही दगडी बंगल्यात राहता, हे मी विसरलो. मी लष्कराच्या जुन्या बराकीत राहतो आणि शेजारणीच्या व माझ्या मध्ये भिंत म्हणून एक गोणपाट आहे. शेजारीण चेतीबाई सिंधमधून आलेली, एकटी, पापड लाटून पोट भरते. तीन वर्षांत तिला मराठी चांगले समजू लागले आहे, हे माझे दुर्दैव. चौथ्या दिवशी मी तुमचे लाडके वाक्य (तुम्ही बजावल्याप्रमाणे उजवा हात उंचावून) म्हटले: ‘अब्राहामाने देवाच्या शब्दासरशी घर सोडले आणि एकदाही मागे वळून पाहिले नाही.’ पलीकडचे लाटणे थांबले. “झूठ,” ती म्हणाली, “देखा होगा. मैं तो स्टेशन आने तक देखती रही.”

मी तिला शास्त्र समजावले. मागे पाहिले म्हणून लोटाची बायको मिठाचा खांब झाली, हेही सांगितले. “नमक बनी ना? किसी के काम तो आयी,” असे म्हणून ती पुन्हा पापड लाटू लागली.

काल काडेपेटीच्या कारखान्यातली आपली नगरकडची माणसे झाडून आली होती. पुढे परीक्षक साहेब, शेजारी घड्याळ हातात धरून पंच कोंडाजी, आणि शेवटच्या बाकावर चेतीबाई. उपदेशाचा शेवट ऐकायला आली होती, कारण सरावात मी तिथवर कधी पोचलोच नव्हतो. लाडके वाक्य आले, हात वर गेला आणि माझी तिच्याशी नजरानजर झाली. वाक्य ‘घर सोडले आणि’ इथेच अडकले. हात मात्र तसाच वर. आपल्याकडे पाळकाचा हात वर गेला की शेवटचा आशीर्वाद, हे तुम्ही विसरलात आणि मीही. कोंडाजी आनंदाने उठले, त्यांच्यामागे सारी मंडळी डोळे मिटून उभी राहिली.

मी विसरलो असे चेतीबाईला वाटले. ज्या वाक्यावर ती माझ्याशी भांडली होती, तेच तिने मागून मोठ्याने सांगितले. “एकदाही मागे वळून पाहिले नाही. बोलो, बेटा.”

मामा, मला ते बोलवेना. मी म्हणालो, पाहिले असणार, पुन्हा पुन्हा पाहिले असणार, आणि तरीही तो चालत राहिला. पुढे काय बोललो ते आठवत नाही. मंडळी उभीच होती. कोंडाजी घड्याळ विसरले होते.

परीक्षक साहेब विसरले नव्हते. अवघी अकरा मिनिटे, आणि त्यातही शास्त्राला सोडून, असा शेरा त्यांनी दिला. पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा आहे.

तुमचा,
दिनानाथ

ता. क. : कृपा करून दुसरा उपदेश पाठवू नये. चेतीबाईने तुमच्यासाठी पापड दिले आहेत. मीठ जरा जास्त आहे.

ता. क. २ : पत्र लिहिण्याचे खरे कारण हे. बाप्तिस्मा घेतल्यावर तुम्ही मागे न पाहता घर सोडलेत, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आई म्हणते, तुम्ही वेशीवरच्या लिंबाखाली संध्याकाळपर्यंत बसला होतात, घराकडे तोंड करून. भाकरी घेऊन तीच आली होती. खरे काय ते कळवावे. नऊ पाने नकोत, एक ओळ पुरे.