शेवटच्या ओळीतलं नाव

बा, आज दुपारी सुनेनं टीव्हीवर एक सिनेमा लावला आणि तेव्हापासून मी तुझ्यावर चिडून बसले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता चिडून काय उपयोग, असं मनाला सांगून पाहिलं. मन ऐकत नाही. सिनेमात झोपडपट्टीतला एक पोरगा आहे, हातवारे करत भरभर बोलत गाणं म्हणतो. सून म्हणाली, "आत्या, ह्याला रॅप म्हणत्यात." मी म्हटलं, "बाई, हे तर नळावरचं भांडण हाय, नुसतं तालात बसवलंय." ती खो खो हसली. मग मीही लसूण सोलत बघत बसले. त्या पोराला कुणी मान देत नाही. स्टेजवर चढला की लोक हुर्यो करतात, घरी बाप टाकून बोलतो. आणि मग त्याचं गाणं एक मोठा गायक स्वतःच्या नावानं म्हणून मोकळा होतो. तिथं माझा हात थांबला.

मला आपलं पूर्णा गावातलं रुळालगतचं घर दिसायला लागलं. मी भाकरी थापते आहे, तू पेटी पुढ्यात घेऊन बसला आहेस. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमाला नवं गाणं पाहिजे आणि तुझ्या गायन पार्टीत कुणाला सुचत नाही. मी तव्याकडं बघतच म्हणते, 'माय माझी खडी फोडिते, गाडी धावे लोकांची.' तुझी बोटं थांबतात. "पुढं?" तू विचारतोस. सगळी कडवी मी चुलीपुढंच जोडून दिली, बा. रुळावर खडी फोडून आईचे सोललेले हात बघून जोडली.

आपल्याकडं रीतच आहे, गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या ओळीत गुंफायचं. मी माझं गुंफलं होतं. जयंतीला मांडवात बायकांमध्ये बसून त्या ओळीची वाट बघत होते. ओळ आली आणि माझ्या नावाच्या जागी तू तुझं नाव घेतलंस. लोकांनी वन्स मोअर दिला. तू पुन्हा तेच घेतलंस. घरी विचारलं तर म्हणालास, "पोरीचं नाव भर मांडवात घ्यावं व्हय? उद्या सोयरीक कोण आणायलंय?" आई म्हणाली, "गाणं तिचंच हाय की." "तू गप बस." विषय संपला.

तुझ्यापुरता संपला. माणसाला माणसाचा मान मिळाला पाहिजे, हे त्याच मांडवात छाती ठोकून गात होतास ना रे? मग तो मान मागायला आलेली पोटची पोर तुला भाकरीपुरतीच दिसली? तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही पार्टीनं तेच गाणं म्हटलं. लोक डोळे पुसत म्हणाले, काय लिहून गेला माणूस! मी तुझ्या फोटोपुढं बसून रडत होते. रडणाऱ्या लेकीला कोण विचारतं, कशापायी रडतेस म्हणून.

सिनेमातला पोरगा शेवटी भर सभेत त्या गायकाच्या हातातला माईक घेतो आणि स्वतःचं नाव ठणकावून सांगतो. सून टाळ्या वाजवायला लागली आणि मी तिला आपलं सगळं सांगून टाकलं. ती माझ्याहून जास्त भडकली. मोबाईल पुढं धरून म्हणाली, "म्हणा आता. तुमचं नाव घालून म्हणा. सगळ्या पावण्या-रावळ्यांत धाडते."

मी म्हटलं. आवाज फाटला, पण कडवी सगळी आली. शेवटच्या ओळीला तोंडातून तुझंच नाव गेलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. इतकी वर्षं कानावर पडून तुझी चाल तुझ्याच नावावर जाऊन थांबते. संताप आला मला. मग मी चालच सोडली. मांडीवर थाप धरली आणि त्या पोरासारखी नुसती बोलत गेले, भांडत गेले म्हण. आईचे हात आले, खडी आली, आणि नाव आलं. माझं.

हा कागद कुठं धाडायचा नाही. रागानं लिहिलाय, तो राग राहू दे. फक्त एक आहे, बा. चाल तू फार गोड बांधली होतीस. ती सोडताना जीवावर आलं.