मुलींच्या यादीतला मुलगा

सूनबाई,

तू आणि बाळ गाढ झोपला होतात, म्हणून उठवलं नाही. दूध तापवून ठेवलंय. मी जन्मनोंदणीच्या कचेरीत नवा फॉर्म आणायला जातेय. टेबलावरचा खराब झालाय. झालाय म्हणजे मीच केलाय. तू लिहिलेलं नाव खोडून माझ्या पसंतीचं घातलं, आणि तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही.

"मुलीचं नाव वाटतं, शाळेत पोरं हसतील," असं महिनाभर तुझ्या कानीकपाळी ओरडतेय. का, ते कधी सांगितलं नाही. मी शाळेत शिकवायचे तेव्हा माझ्या वर्गात असंच नाव असलेला एक मुलगा होता. मी नुसतं नाव वाचून त्याला मुलींच्या यादीत घातलं, आणि हजेरी घेताना मान वर न करता मुलींमध्येच पुकारलं. वर्ग हसला, आणि पुढे वर्षभर हसत राहिला. यादी दुरुस्त करायला दोन मिनिटं लागली असती. पण बाईंचं चुकलं असं वर्गासमोर कोण म्हणणार? मी तर म्हटलंच नाही.

नवा फॉर्म तूच भर. त्या नावानं पहिली हाक मात्र मला मारू दे. या वेळी नीट तोंडाकडे बघून मारीन.

आई