प्रतिज्ञापत्रातलं कारण

पप्पा,

महिला फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगचा नवा हंगाम येतोय आणि त्यात परराज्यातल्या एका क्लबनं मला लेफ्ट बॅक म्हणून घेतलंय. हे तुम्हाला आधी सांगायचं होतं. पुढचं मला नीट मांडता येईल असं वाटत नाही. हंगाम कधी सुरू होणार, सामने कुठं होणार, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. क्लबचे सर दर फोनला वेगळा महिना सांगतात. नक्की होती ती एकच गोष्ट, खेळाडूंच्या नोंदणीची मुदत. ती या शुक्रवारी संपत होती. आणि या वेळी शाळेचा दाखला चालणार नव्हता, जन्माचा दाखला हवा होता. माझा जन्म आजोळचा, म्हणून सोमवारी मी कोडोलीला गेले. तिथल्या ग्रामपंचायतीच्या क्लार्कनं कागद छापून हातात दिला. मी तो तिथंच उभ्यानं वाचला, मग त्यालाच विचारलं, हा माझाच आहे ना. तो म्हणाला, "आईबापाचं नाव बघा की. दुसऱ्याचा कशाला देऊ तुम्हाला?"

दिवस वेगळा असणार हे मला माहीत होतं. घरी माझा वाढदिवस नागपंचमीच्या आसपास आणि शाळेत एक जून, हे लहानपणापासून चालत आलेलं. वर्गात निम्म्या पोरांची एक जूनच होती. त्या दिवशी शाळाही नसायची, त्यामुळं कुणी चॉकलेटं वाटली नाहीत की कुणी काही विचारलं नाही. मला वाटायचं, प्रवेशासाठी शाळेनं मला दोन महिने मोठं केलंय. कोडोलीच्या कागदावर वर्षच आदलं आहे. म्हणजे शाळेच्या कागदावर मी दोन महिन्यांनी मोठी नव्हते, दहा महिन्यांनी लहान होते. एवढी साधी वजाबाकी मी घरी येईपर्यंत बसमध्ये तीनदा केली.

आई भाजी निवडत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही. "आजी आजारी होती, वर्षभर आपण कोडोलीला येऊन-जाऊन होतो. तुझं शाळेचं वर्ष हुकलं. मग बाई म्हणाल्या, पहिलीत घालायचं तर एक जून टाकूया, वर्षही एक पुढचं घेऊया, म्हणजे बरोब्बर सहा भरतात. तुझे पप्पा म्हणाले, टाका." मी विचारलं, मला का सांगितलं नाही. "तुला? तू लगेच बाईंकडं जाऊन माझं वय खोटं आहे म्हणून रडली असतीस. आता तरी काय वेगळं करतीयास?"

ते हुकलेलं वर्ष मला चांगलं आठवतं, पप्पा. तीच माझी खरी पहिली होती. फर्स्ट शिफ्ट करून तुम्ही शिरोलीच्या कारखान्यातून चारला घरी यायचा, हातपाय धुऊन स्वयंपाकघरात फरशीवर बसायचा, आणि खराब निघालेल्या ओतीव कास्टिंगवर फुल्या मारायचा तो जाड पिवळा खडू खिशातून काढायचा. अ, आ, इ सगळं त्या खडूनं. आई ओरडतेय, फरशी आत्ताच पुसलीय, आणि तुम्ही म्हणताय, "पूस की परत, अक्षरं कुठं पळून चाललीत?" शाळेत गेले तेव्हा मी पेपर वाचत होते. फुटबॉलचे नियमही तुम्ही मला तिथंच शिकवलेत, बटाटे आणि वाट्या मांडून. ऑफसाइड मला कांद्याबटाट्यात कळला.

तुम्ही रेफरी होता. कारखान्यात इन्स्पेक्शनला आणि रविवारी मैदानावर, दोन्हीकडं काम तेच. आपल्याच पेठेच्या संघाविरुद्ध शेवटच्या मिनिटाला तुम्ही पेनल्टी दिलीत तो दिवस मला दिसतो. पेठ हरली. गल्लीत सहा महिने तुमच्याशी कुणी धड बोललं नाही. चहाच्या गाड्यावर तुम्ही गेलात की कुणीतरी म्हणायचं, "सरका, सरका, न्यायाधीश आले." तुम्ही सरकलेल्या बाकावर शांतपणे बसायचा. घरी आईनं विचारलं, एक वेळ दिसलं नाही म्हणून सोडून दिलं असतं तर काय झालं असतं? तुम्ही म्हणालात, "बॉल हाताला लागलेला मी बघितला. बघितल्यावर न बघितल्यासारखं कसं करायचं?" ते वाक्य मी आजवर धरून चाललेय. मैदानावर थ्रो-इन कुणाचा यावरही मी खोटं बोलत नाही, पोरी हसतात मला.

म्हणून मला चौदा वर्षांखालच्या जिल्हा संघाचा तो फॉर्म समजत नाही. खऱ्या तारखेनं मी त्या गटात बसतच नव्हते. गेल्या चार दिवसांत मी त्या संध्याकाळी इतक्या वेळा जाऊन आले की आता त्यातलं खरं किती आणि मी भरलेलं किती, तेही कळेनासं झालंय. तुम्ही जेवताय. मी फॉर्म ताटाशेजारी ठेवते, पालकांची सही हवी आहे. तुम्ही तो डाव्या हातानं उचलता आणि खूप वेळ बघता. जन्मतारखेच्या रकान्यात मी एक जून लिहिलंय, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. मग तुम्ही म्हणता, "यंदा नको. पुढच्या वर्षी मोठ्या गटातनं खेळ." मी का म्हणून विचारते, तुम्ही सांगत नाही. मी रडते. आणि मी म्हणते, "तुम्हाला मुलगी खेळलेलीच नको आहे. लोकांसमोर तेवढं कौतुक करता." तुम्ही ताटावरून उठलात. अर्धी भाकरी तशीच होती. सही आईनं केली.

तुम्हाला सांगता आलं असतं. एका वाक्यात संपलं असतं. की मला सांगायला लाज वाटली? की सांगितलं तर मी शाळेत जाऊन बोलेन ही भीती? मुळात तुम्हाला त्या क्षणी वर्ष आठवलं होतं का, की दहावी जवळ येतेय एवढंच मनात होतं? तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर कॉटवर फुटबॉलचे नवे स्टड बूट होते, माझ्या मापाचे. तुम्ही घरी नव्हता. ते हो म्हणणं होतं, की माफी, की माझ्या बोलण्यापुढं हरणं? मी ते घालून संघात खेळले. तुम्ही एकही मॅच बघायला आला नाहीत. सेकंड शिफ्ट लागलीय म्हणालात. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात, कारखान्यातच, मशीनशेजारी. विचारायचं राहून गेलं असंही म्हणता येत नाही, कारण काय विचारायचं हेच मला माहीत नव्हतं.

त्या संघात अठरा जणी होत्या. निवडीत एकोणिसावी आल्यानं बाहेर राहिली ती कागलकडची मुलगी, माझ्यासारखीच लेफ्ट बॅक. आता ती तिकडच्याच पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरी करते, खेळणं तेव्हाच सुटलं. माझं लीगचं कळल्यावर तिचा मेसेज आला: "अभिनंदन गं. आपल्यातली एक तरी पोचली." मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

क्लबच्या सरांना मी फोनवर सगळं सांगितलं. तेही इकडचेच. ते म्हणाले, "अगं, निम्म्या महाराष्ट्राची एक जून हाय. अॅफिडेव्हिट कर, शाळेची तारीख चुकीची, जन्मदाखल्याची बरोबर. दोन्ही कागद जुळले पायजेत, बास." मी म्हटलं, मग मी चौदाखाली खेळले ते? सर म्हणाले, "जुनं कोण उकरतंय? तुला खेळायचंय की न्हाय, ते सांग."

मला खेळायचं आहे. बुधवारी मी कोर्टाबाहेर गेले. छत्रीखाली लॅपटॉप आणि प्रिंटर घेऊन बसलेले एक काका होते. त्यांनी दोन्ही दाखले बघितले, टाइप करायला लागले आणि मध्येच थांबले. "कारण काय टाकू, ताई?"

"कसलं कारण?"

"तारीख चुकली कशी त्याचं. 'वडील अशिक्षित असल्यामुळे' टाकतो. सगळ्यांचं तेच असतंय, तयार हाय आपल्याकडं."

"ते अशिक्षित नव्हते. त्यांनीच मला शिकवलं."

काकांनी चष्मा वर केला. "मग शिकलेल्या माणसानं माहीत असून चुकीची तारीख दिली असं लिहू? चालंल? वाचणारा विचारंल की मग."

माझ्या मागं एकजण नंबर धरून उभे होते. ते म्हणाले, "ओ ताई, माझा बा मास्तर हुता. म्या त्येलाबी अशिक्षितच लिवलंय. आटपा, एक वाजला की साहेब जेवाय जातंय."

काका हसले. मलाही हसू आलं, आणि ते हसू तोंडावर असतानाच मी म्हटलं, टाका. सही केली, शिक्का बसला. गुरुवारी कागद क्लबकडं गेले, नोंदणी झाली. कुणी काही विचारलं नाही. पुढं विचारतील का, माहीत नाही. विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरलेलं नाही.

सही केल्यावर मी स्कूटीपाशी येऊन ते वाक्य पुन्हा वाचलं. वाईट वाटेल म्हणून वाट बघत थांबले. वाटलं नाही. त्या कागदावरच्या माणसाला वाचता येत नाही. त्यानं फॉर्म हातात धरला तरी त्यातलं एक अक्षर त्याला कळलं नसतं, म्हणून तो गप्प बसला. त्याला कुणी काय विचारणार? मीही नाही.

हे आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता नाही दाखवणार. कारण तिथं उन्हात उभी असताना, थोडा वेळ, मला तुमच्यापेक्षा तो माणूस बरा वाटला.